मिडनाइट येलला पहिल्यांदा जाताना: काय माहीत असावं? (टेक्सास ए अँड एम विद्यापीठ, कॉलेज स्टेशन)

ब्राझोसकाठ

दर ऑगस्टात कॉलेज स्टेशनला मराठी मुलांची नवी तुकडी उतरते आणि पहिल्या होम गेमच्या (घरच्या मैदानावरच्या सामन्याच्या) आठवड्यात तेच प्रश्न सुरू होतात. शुक्रवारी मध्यरात्री काइल फील्डवर, म्हणजे विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमवर, नक्की काय असतं? तिकीट लागतं का? अमेरिकन फुटबॉल कळत नसेल तर जाऊन करायचं काय? उत्तरं दहा ठिकाणी विखुरलेली आहेत, म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

आधी मूळ मुद्दा. या प्रकाराचं पूर्ण नाव मिडनाइट येल प्रॅक्टिस. येल म्हणजे आरोळी. त्यातला शेवटचा शब्द बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. दुसऱ्या दिवशीच्या सामन्यात कुठली आरोळी कोणत्या खुणेवर द्यायची, कुठे थांबायचं, याची ही तालीम आहे. गणपतीच्या आधी पुण्यात नदीकाठी ढोल-ताशा पथकांचे सराव चालतात, तसंच. फक्त तिथे कठड्याला टेकून नुसतं ऐकता येतं. इथे बघ्यांची वेगळी जागा नाही. स्टँडमध्ये पाऊल टाकलंत की तुम्ही पथकात.

त्यामुळे चार-पाच आरोळ्या आधी पाठ करून गेलात तर अर्धा-पाऊण तास कसा गेला कळत नाही. कोऱ्या पाटीने गेलात तर आजूबाजूचे हजारो लोक एकदम वाकतात, एकदम ओरडतात, आणि आपण फोन वर धरून उभे. मजा हुकते ती इथेच.

व्यवहाराच्या गोष्टी:

प्रवेश मोफत, विद्यार्थी असा-नसा. होम गेमच्या आदल्या रात्री बाराला सुरुवात. साडेअकरापर्यंत जागा धरा. आधी येल लीडर, म्हणजे आरोळ्या देणारे म्होरके, हातात मशाली घेऊन येतात, त्यांच्यामागे विद्यापीठाचा फायटिन टेक्सास अ‍ॅगी बँड. येल लीडर एकूण पाच, तीन सीनियर (चौथ्या वर्षाचे) आणि दोन ज्युनियर (तिसऱ्या वर्षाचे), आणि ते विद्यार्थ्यांच्या मतदानाने निवडून येतात. इथे फुटबॉलला चिअरलीडर नसतात. नवीन माणूस हमखास तो शब्द वापरतो आणि लगेच दुरुस्त केला जातो.

मग आरोळ्या, मध्ये प्रतिस्पर्धी संघावर रचलेल्या अतिशयोक्त गोष्टी, पुन्हा आरोळ्या, शेवटी विद्यापीठाचं गीत आणि वॉर हिम, म्हणजे संघाचं युद्धगीत. त्यानंतर दिवे मालवतात. त्याबद्दल खाली कोणीतरी विचारेलच.

तासा_मावळ

छान सुरुवात. खुणांबद्दल लिहितो, कारण सगळं यंत्र त्यावर चालतं.

काइल फील्डची क्षमता १,०२,७३३. येल लीडर खाली मैदानात उभा, तुम्ही वर कुठेतरी. तो तोंडाने सांगणार नाही, हाताने खूण करणार. पुढच्या रांगेतली मुलं तीच खूण डोक्यावर हात धरून मागच्यांना दाखवतात, ते त्यांच्या मागच्यांना. याला पास बॅक म्हणतात. खूण शेवटच्या रांगेपर्यंत पोचल्यावरच आरोळी सुटते. आपण मधल्या रांगेत असलो आणि खूण मागे पाठवली नाही, तर आपल्या मागचा पट्टा उशिरा ओरडतो आणि आरोळी फाटते. म्हणून नियम असा: समोर खूण दिसली की स्वतः करायची, हात उंच धरायचा, मागे वळून बघायची गरज नाही.

दोन खुणा आधी शिका. मूठ आणि वर केलेला अंगठा म्हणजे "गिग एम". दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवल्या, जशी आपण दोरी गुंडाळतो, तर "फार्मर्स फाइट". बाकीच्या तिथे पाच मिनिटांत कळतात.

आरोळीची खूण पोचली की सगळे कमरेत वाकतात, दोन्ही तळवे गुडघ्यांच्या जरा वर, मान पुढे. हे नुसतं दिसायला नाही. ताठ उभं राहून ओरडलं तर आवाज डोक्यावरून आकाशात जातो. वाकून, तोंड मैदानाकडे करून ओरडलं तर तो खाली जातो. शिवाय पोट आपोआप आवळलं जातं आणि जोर गळ्याऐवजी पोटातून येतो. एकदा ताठ आणि एकदा वाकून ओरडून बघा, फरक स्वतःलाच ऐकू येईल.

शब्दवेल्हाळ

या आरोळ्यांमधले शब्द विचित्र वाटतात, पण प्रत्येकाला कारण आहे. अर्थ कळला की पाठ पटकन होतं.

"फार्मर्स फाइट" मध्ये शेतकरी का? कारण ए अँड एम म्हणजे अ‍ॅग्रिकल्चरल अँड मेकॅनिकल. १८७६ साली सुरू झालेलं शेतकी आणि यंत्रविद्येचं कॉलेज. अ‍ॅगी हे अ‍ॅग्रिकल्चरलचंच लाडकं रूप.

लोकोमोटिव्ह नावाच्या आरोळीत टी-ए-एम-सी अशी अक्षरं येतात. त्यातला सी म्हणजे कॉलेज. १९६३ साली नाव बदलून युनिव्हर्सिटी झालं, आरोळीने जुनंच नाव जपलं. आगगाडीसारखी ती हळू सुरू होते आणि वेग घेत जाते. नवीन माणूस पहिल्याच फेरीत धावायला लागतो, तिथे चुकतो. पहिली फेरी अगदी रेंगाळत म्हणायची.

गिग म्हणजे बेडूक मारायचा काटेरी भाला. १९३० साली टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीशी सामना होता. त्यांचं बोधचिन्ह हॉर्न्ड फ्रॉग. सामन्याआधीच्या येल प्रॅक्टिसमध्ये पिंकी डाउन्स या माजी विद्यार्थ्याने "गिग एम, अ‍ॅगीज" म्हणत अंगठा वर केला, आणि तीच पुढे विद्यापीठाची खूण झाली.

मिलिटरी आरोळीत "स्क्वॉड्स लेफ्ट, स्क्वॉड्स राइट" येतं, कारण हे कॉलेज मुळात लष्करी शिस्तीचं. कोअर ऑफ कॅडेट्स, म्हणजे गणवेशातल्या विद्यार्थ्यांची तुकडी, आजही आहे आणि बहुतेक परंपरा तिथूनच आल्या आहेत. रात्री बाराची वेळसुद्धा १९३० च्या दशकाच्या सुरुवातीची. कॅडेट्सनी ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याआधी पहिल्या वर्षाच्या मुलांना मध्यरात्री वायएमसीए इमारतीच्या पायऱ्यांवर जमवलं, तिथून ती पडली. जेवणानंतर एकत्र जमून आरोळ्या घोकण्याची पद्धत त्याहून जुनी, १९१३ च्या सुमाराची.

नवखा_नांदेड

माहितीबद्दल आभार. दोन शंका. "वूप" असा आनंदाचा ओरडा ऐकू येतो, तो कोणीही देऊ शकतं का? आणि एकेक आरोळी संपल्यावर काही मुलं "ए-ए-ए" करत हात नाचवतात ते काय?

तासा_मावळ

@नवखा_नांदेड, दोन्हीचं उत्तर एकच आहे. त्या प्रकाराला वाइल्डकॅट म्हणतात. प्रत्येक आरोळीच्या शेवटी आपापल्या वर्षाप्रमाणे द्यायची पुस्ती. पहिल्या वर्षाची मुलं हात डोक्यावर नेऊन "ए" नुसतं म्हणत राहतात. दुसऱ्या वर्षाला पाच वेळा "ए". तिसऱ्याला तीन "ए" आणि मग "वूप". चौथ्याला एकच "ए" आणि "वूप". म्हणजे वर्ष वाढेल तसा "ए" कमी होतो आणि "वूप" चा मान मिळतो.

तो मान ज्युनियर-सीनियरचा आहे. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलाने "वूप" केलं तर आजूबाजूचे टोकतात, रागाने नाही पण टोकतात. एमएसला आलेल्यांनी पहिल्या एक-दोन वेळा शेजारच्या सीनियर ग्रॅड मित्राचं बघून करावं. ज्या घोळक्यात उभे आहात त्याची रीत पाळली की कुठे अडत नाही.

मेघना_ब्रायन

"फिश" या शब्दावरून मराठी मुलांचा नेहमी गोंधळ होतो, म्हणून लिहिते. इथे फिश म्हणजे पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. आणि फिश पाँड म्हणजे खरंखुरं पाण्याचं हौद-कारंजं. आपल्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात चिठ्ठ्या वाचतात ते फिशपाँड नव्हे! होम गेम जिंकला की कोअरची पहिल्या वर्षाची मुलं येल लीडर्सना पकडून उचलून आणतात आणि त्या पाण्यात टाकतात. मग सगळे ओलेत्याने वायएमसीएच्या पायऱ्यांवर जाऊन पुढच्या सामन्याची छोटी येल प्रॅक्टिस घेतात. शुक्रवारची मध्यरात्र जमली नाही तर ही शनिवारची संधी जरूर घ्या. गर्दी कमी, येल लीडर हाताच्या अंतरावर.

हरले तर कोणी पाण्यात पडत नाही, पण विद्यार्थी स्टँड सोडत नाहीत. तिथेच थांबून पुढच्या सामन्याच्या आरोळ्या देतात. हरल्यावर उठून चालू लागणं इथे फार वाईट दिसतं. तसंच हुर्यो. प्रतिस्पर्ध्याला किंवा पंचाला "बू" करायचं नाही. नापसंती दाखवायची तर सापासारखा "स्स्स" आवाज. ही सवय येलमध्येच लागते.

खारघर_ते_ह्यूस्टन

कपड्यांवर कोणी बोललं नाही अजून.

मरून रंग, बस. मरून नसेल तर पांढरा किंवा राखाडी चालतो. केशरी टाळा. आपल्याकडे गणपतीचे दिवस सप्टेंबरात, मंडळाचे भगवे टीशर्ट बॅगेत वरच असतात, आणि तेच घालून मुलं थेट येलला निघतात. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाचा रंग जळका केशरी. ऑस्टिनशी असलेलं वैर शंभर वर्षांहून जुनं आहे, त्यामुळे काइल फील्डवर केशरी अंगावर असणं म्हणजे विरोधी गटाचा झेंडा घेऊन जाण्यासारखं. कोणी अंगावर येणार नाही, पण रात्रभर त्यावरच बोलतील.

२०११ नंतर हे दोन संघ खेळलेच नव्हते, कारण २०१२ मध्ये ए अँड एम एसईसी (साउथईस्टर्न कॉन्फरन्स) या विद्यापीठ-संघांच्या साखळीत गेलं. २०२४ मध्ये टेक्सासही एसईसीत आलं आणि ३० नोव्हेंबर २०२४ ला काइल फील्डवर पुन्हा सामना झाला. टेक्सास १७-७ ने जिंकलं. टेक्सासचा सामना कॉलेज स्टेशनला असेल त्या वर्षी त्या आठवड्याच्या येलला एक तास जास्त हाताशी ठेवा.

बूट बंद आणि सपाट. सप्टेंबरात रात्री बारालाही पंचवीस-सव्वीस अंश असतं आणि दमट, सुती कपडे घाला. नोव्हेंबरात उत्तरेचा वारा सुटला की त्याच स्टँडमध्ये हुडहुडी भरते, तेव्हा वर एक जाकीट. टोपी घातली असेल तर विद्यापीठगीत आणि वॉर हिमच्या वेळी काढायची.

बॅग नेऊच नका. सामन्याच्या दिवशी पारदर्शक बॅगेचाच नियम असतो, १२ बाय ६ बाय १२ इंचांपर्यंत. येलला फोन, ओळखपत्र, किल्ली, एवढं खिशात मावतं.

ब्राझोसकाठ

+१. आणि आत शिरण्याआधी अर्धा लिटर पाणी पिऊन घ्या. घसा कोरडा असताना ओरडलं की दुसऱ्या दिवशी सामन्यात आवाज बसलेला असतो, आणि खरं काम तर तेव्हाच आहे.

अनघा_पै

वॉर हिमच्या शेवटी डोलतात त्याबद्दल लिहायला हवं. नवीन मुलं तिथे पडतात, अक्षरशः.

गाण्याच्या शेवटच्या भागात टेक्सास विद्यापीठाच्या बोधचिन्हातल्या बैलाची शिंगं करवतीने कापायची असा भाग येतो. तिथे सगळे शेजाऱ्यांच्या खांद्यावर हात टाकतात, पायाची तिढी घालतात आणि डावी-उजवीकडे झुलतात. एक रांग डावीकडे तेव्हा तिच्या पुढची उजवीकडे. लांबून पाहिलं तर करवतीच्या पात्यासारखं दिसतं. हजारो माणसं एका तालात झुलतात तेव्हा वरचे मजले हललेले पायांना कळतात. घाबरू नका, ते तसंच असतं.

चुकतं कुठे? एक, पायाची तिढी घातल्यावर तोल एका पायावर येतो. मागे बाकाची कड आणि पुढे उतार. खांद्यावरचा हात सैल ठेवला तर आपणच पुढच्या रांगेत जातो. हात घट्ट, गुडघे किंचित वाकलेले. दोन, शेजाऱ्याच्या उलट दिशेने सुरुवात केली तर डोक्यावर डोकं आपटतं. सुरू होताना क्षणभर थांबा, शेजारी कुठे झुकतो ते बघा आणि त्याच्याबरोबर जा. तीन, रांगेच्या टोकाला, जिन्यालगत उभे असाल तर एका बाजूला कोणीच नाही. तिथे सवय झालेल्या मित्राला उभं करा, नवख्याला मध्ये घ्या.

चार-पाच जणांचा गट असेल तर क्रमच तसा लावा: जाणता, नवखा, जाणता, नवखा. खूण, आरोळी, डोलणं, तिन्ही गोष्टी न सांगता जमतात.

नवखा_नांदेड

क्रम लावायची कल्पना आवडली. दिवे मालवतात ते काय प्रकरण आहे?

मेघना_ब्रायन

शेवटी स्टेडियमचे दिवे बंद होतात आणि जोडपी एकमेकांचं चुंबन घेतात. जुनी प्रथा आहे. ज्यांच्याबरोबर कोणी नाही ते पूर्वी लायटर पेटवून वर धरायचे, अंधारात एकमेकांना शोधायची ती खूण. आता बहुतेक जण फोनचा दिवा लावतात. लायटर नेऊ नका, गर्दीत कोणाच्या केसांना लागेल सांगता येत नाही.

सक्ती कशाचीच नाही. फोनचा दिवा वर धरून उभं राहणं ही संपूर्ण सन्मानाची जागा आहे, निम्मं स्टँड तसंच असतं. मैत्रिणींच्या गटाने आधी बोलून ठेवावं की दिवे गेले की सगळ्या एकत्र उभ्या राहायचं. आणि मुलांनी हे पक्कं लक्षात ठेवावं: अंधार म्हणजे परवानगी नव्हे. आधी विचारलेलं नसेल तर हात खिशात.

आई-बाबा भारतातून आलेले असतील आणि त्यांना नेत असाल तर त्यांना हा भाग आधीच सांगून ठेवा. बाकी त्यांना येल मनापासून आवडतं. खालच्या मजल्यावर बसवा, वरच्या मजल्याच्या पायऱ्या फार उभ्या आहेत आणि अंधारात उतरणं गुडघ्यांना जड जातं. लहान मूल असेल तर कानावर लावायचे संरक्षक हवेतच. बँडचे पितळी सूर आणि ड्रम काँक्रीटवरून परत येतात, ते कापसाच्या बोळ्यांनी थांबत नाहीत.

खारघर_ते_ह्यूस्टन

पार्किंग. बाहेरगावहून येणाऱ्यांचा सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. ह्यूस्टनहून साधारण दीडशे किलोमीटर, शुक्रवारी संध्याकाळी सहज दोन तास.

संध्याकाळी जिथे गाडी लावायला मुभा दिसते तीच जागा शनिवारी सामन्यासाठी राखीव असते. येल संपवून मित्राकडे झोपायला गेलात आणि गाडी तिथेच ठेवलीत तर सकाळी ती जागेवर नसते. उचलून नेलेली असते. लॉटच्या तोंडाशी सामन्याच्या शनिवार-रविवारसाठी वेगळी पाटी लावतात, तीवरची गाडी हलवायची वेळ वाचा आणि फोटो काढून ठेवा. उत्तम म्हणजे कॅम्पसबाहेर राहणाऱ्या मित्राच्या दारात गाडी ठेवून चालत या.

कॅम्पसच्या पश्चिमेकडून येत असाल तर वेलबॉर्न रोड आणि त्याच्या कडेने रेल्वेचे रूळ लागतात. मालगाड्या रात्रीही धावतात आणि बँडच्या आवाजात भोंगा ऐकू येत नाही. भुयारी मार्गानेच या. चार मिनिटं जास्त लागतात.

शब्दवेल्हाळ

वाटेत एमएससी, म्हणजे मेमोरियल स्टुडंट सेंटर लागतं. त्याच्या भोवतालच्या हिरवळीवरून चालायचं नाही. युद्धांत गेलेल्या अ‍ॅगींचं ते स्मारक आहे, गवतसुद्धा स्मारकाचाच भाग. आत शिरताना टोपी काढायची. मोठा गट घाईत असला की कोपरा कापून गवतावरून जातो, आणि कोणीतरी अनोळखी विद्यार्थी थांबवून सांगतो. त्याचं ऐकायचं, वाद घालायचा नाही.

अजून एक. जुन्या फोटोंमध्ये येलच्या जोडीला प्रचंड होळीसारखा बॉनफायर दिसतो आणि मुलं विचारतात, तो कधी असतो. कॅम्पसवर तो आता होत नाही. १८ नोव्हेंबर १९९९ च्या पहाटे पावणेतीनच्या सुमारास रचत असलेला ओंडक्यांचा ढीग कोसळला. पाच हजारांहून जास्त ओंडके, जवळपास ५९ फूट उंची. बारा जण गेले, सत्तावीस जखमी झाले. जिथे ढीग होता तिथेच स्मारक आहे. बारा दरवाजे वर्तुळात उभे, प्रत्येक दरवाजाचं तोंड त्या-त्या मुलाच्या गावाकडे, आणि दरवाजांना जोडणारे सत्तावीस दगड. येलच्या आधी दिवसाउजेडी तिथे एकदा जाऊन या. दरवाजात उभं राहिलं की त्या मुलाच्या गावाच्या दिशेनेच नजर जाते. बॉनफायरवरून येलमध्ये विनोद करू नका, कोणी हसणार नाही.

अनघा_पै

सामन्याचं तिकीट आणि येल यांची सांगड अशी: स्पोर्ट्स पास (विद्यार्थ्यांचा हंगामी पास) असला तरी प्रत्येक सामन्याआधी तिकीट पुल करावं, म्हणजे त्या सामन्यापुरतं मिळवावं लागतं. परंपरेने सोमवार सीनियर आणि ग्रॅड (पदव्युत्तर), मंगळवार ज्युनियर, बुधवार सोफोमोर (दुसरं वर्ष), गुरुवार फिश. मित्रांना शेजारी-शेजारी जागा हवी तर सगळ्यांचं एकत्र पुल करा. वेगवेगळं केलंत तर सामन्यात चौघं चार मजल्यांवर. येलला हा त्रास नाही, तिथे जागा ठरलेली नसते. मात्र पूर्वेची बाजू विद्यार्थ्यांची, तिकडेच जा.

सामन्यात विद्यार्थी पूर्ण वेळ उभे असतात, तीन-साडेतीन तास. कारण २ जानेवारी १९२२. डॅलसला सेंटर कॉलेजविरुद्ध डिक्सी क्लासिक चालू होता, ए अँड एमचे खेळाडू एकामागून एक जखमी होत होते, तेव्हा प्रेक्षकांतून ई. किंग गिलला बोलावून संघाचा पोशाख चढवला. तो शेवटपर्यंत मैदानाकडेला तयार उभा राहिला. खेळायची वेळ आली नाही, ए अँड एम २२-१४ ने जिंकलं. विद्यार्थी उभे राहतात ते "गरज पडली तर मीही तयार" या अर्थाने. म्हणूनच ट्वेल्थ मॅन. तो बारावा खेळाडू आदल्या रात्री जागून सराव करतो, एवढंच येल आहे.

नवखा_नांदेड

सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही सहा जण जातोय, त्यातले चार नवीन. संपल्यावर भेटायचं कुठे? गिलचा पुतळा ठरवलाय.

तासा_मावळ

पुतळ्यापाशी नको. तिथे सगळेच भेटतात आणि फोटोसाठी रांग असते. रडर टॉवरसमोरचं कारंजं ठरवा, मोकळं आहे आणि लांबून दिसतं. बाहेर पडताना नेटवर्क हमखास बसतं, संदेश दहा-पंधरा मिनिटांनी पोचतात. म्हणून जागा आणि वेळ दोन्ही आत शिरण्याआधी तोंडी ठरवा: "दिवे परत लागल्यापासून वीस मिनिटांत कारंज्यापाशी, न आल्यास अजून दहा मिनिटं थांबू." सहा जणांच्या तीन जोड्या करा, प्रत्येक नवख्याला सोबत हवी. जाणते दोघंच असतील तर ते रांगेच्या दोन टोकांना, नवखे चौघं मध्ये. परतीची शेवटची बस किती वाजता ते गुरुवारीच बघून ठेवा. नॉर्थगेटकडून, म्हणजे कॅम्पसलगतच्या बारच्या भागातून, चालत जाणार असाल तर बार सुटायच्या आधी तो रस्ता पार करा.

नवखा_नांदेड

ठरलं. लोकोमोटिव्हची पहिली फेरी हळू, लक्षात ठेवतो.